जर, तर आणि नाहीतर

"सिस्टीम घेत नाहीये."

कचेरीच्या खिडकीआडून हे वाक्य आलं की पुढे बोलण्यासारखं फारसं उरत नाही. समजा, खिडकीबाहेर उभा असलेला माणूस तमिळनाडूतून नोकरीसाठी पुण्यात आलेला आहे. त्याला आडनाव नाही. नावाआधी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावायचं, ही त्याच्याकडची रीत. अर्जात मात्र आडनावाच्या रकान्याशेजारी लाल चांदणी आहे आणि तो रिकामा ठेवला की खालचं बटण दबत नाही. कारकून भला आहे. त्याला समोरच्याची अडचण कळते, समोरच्याला कारकुनाची कळते. दोघांपैकी कोणीही 'नाही' म्हटलेलं नसतं, तरी काम अडलेलं असतं. शेवटी कारकून आडनावाच्या जागी एक टिंब देतो. सिस्टीम टिंब घेते.

मग 'नाही' कोण म्हणालं होतं?

शोध घेतला तर माग एका ओळीपाशी जाऊन थांबेल: आडनाव रिकामं असेल तर अर्ज पुढे नेऊ नये. ती कोणीतरी, कुठल्यातरी दुपारी, बहुधा घाईत लिहिली. लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर शिंदे, देशपांडे, फर्नांडिस असे लोक होते. टिंब लावून घ्यावं लागणारा माणूस नव्हता. या ओळीला प्रोग्रॅमिंगच्या भाषेत 'इफ' म्हणतात. शिकणाऱ्याला ती पहिल्या आठवड्यातच भेटते आणि शिकवणारा हमखास सांगतो, 'आता बघा, इथे कॉम्प्युटर निर्णय घेतो.' घोळ तिथूनच सुरू होतो.

कारण आत पाहावं तर निर्णयासारखं काही घडताना दिसत नाही. प्रोसेसर दोन संख्यांची तुलना करतो, म्हणजे एकीतून दुसरी वजा करतो. उत्तर शून्य आलं तर एका ठरावीक जागी १ ही खूण उमटते, नाहीतर ० राहते. पुढची आज्ञा ती खूण बघते आणि एकतर दुसऱ्या पत्त्यावर उडी मारते किंवा सरळ खालच्या ओळीवर जाते. रेल्वेचा सांधा बदलला की गाडी मिरजेकडे न जाता दौंडकडे जाते. गाडीने दौंडला जायचं ठरवलं, असं कोणी म्हणत नाही. आयबीएमने ७०४ या यंत्रासाठी १९५७ साली फोरट्रान ही भाषा आणली, तिच्यातला 'इफ' तर खरोखर सांध्यासारखाच होता. एक गणित द्यायचं आणि पुढे तीन ओळींचे क्रमांक लिहायचे: उत्तर ऋण आलं तर पहिल्या क्रमांकावर जा, शून्य आलं तर दुसऱ्या, धन आलं तर तिसऱ्या. 'हो' आणि 'नाही' यांचा त्यात पत्ताच नव्हता. होते ते फक्त तीन रूळ.

संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थींना हा प्रकार गैरसोयीचा वाटला. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९५७-५८च्या सुमारास ते बुद्धिबळाच्या नियमबद्ध चाली काढणारा प्रोग्रॅम फोरट्रानमध्ये लिहीत होते. त्यांनी एक छोटी युक्ती केली: अट आणि दोन पर्याय द्यायचे, अटीप्रमाणे एक पर्याय उत्तर म्हणून परत यायचा. पण फोरट्रान अट बघण्याआधीच दोन्ही पर्याय पुरते सोडवून ठेवायचा. जो लागणार नाही, त्याचीही मेहनत व्हायची. म्हणून मॅकार्थींनी पुढे असा 'जर' मागितला की अट आधी तपासली जावी आणि जी बाजू लागणार नाही तिला हातही लागू नये. त्यांच्या लिस्प भाषेत तो आला, आणि आजच्या जवळजवळ सगळ्या भाषांत तोच आहे. न निवडलेली वाट तिथे मोडत नाही की बंदही होत नाही. त्या फेरीपुरती ती नसतेच.

जाता जाता एक व्याकरणाची गंमत. मराठीत 'जर' गाळला तरी चालतो, 'तर' मात्र लागतो: पाऊस आला तर छत्री घे. सी, जावा, पायथन या भाषांत बरोबर उलटं आहे. तिथे 'जर' लिहावाच लागतो, 'तर' हा शब्दच नाही. कंस किंवा दोन टिंबं त्याचं काम भागवतात. आणि 'नाहीतर' ही तर मराठीची खास चीज. 'चहा नाहीतर कॉफी' यात तो निवड देतो. 'गप्प बस, नाहीतर...' यात आईला वाक्य पुरं करावंही लागत नाही.

अटींची भाषा लोकांनी सर्वांत कसून तपासली ती मात्र यंत्रांसाठी नव्हे, यज्ञासाठी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची जैमिनींची मीमांसासूत्रं आणि त्यांवरचं शबरस्वामींचं भाष्य यांचा विषय वरवर पाहता धर्म आहे. वाचायला बसलं की बहुतेक पानांवर दिसतो तो प्रश्न असा: एखादी आज्ञा नेमकी कुणाला, कधी आणि कुठवर लागू होते? मीमांसकांनी कर्मांची वर्गवारीही अटींवर केली. नित्य कर्म विनाअट, रोजचं. काम्य कर्म इच्छेच्या अटीवर: स्वर्ग हवा असेल त्याने यज्ञ करावा. नैमित्तिक कर्म प्रसंगाच्या अटीवर: यजमानाचं घर जळालं तर अग्नीला विशिष्ट इष्टी द्यावी. लिफ्टच्या दारावरची 'आग लागल्यास लिफ्टचा वापर करू नये' ही पाटी अगदी याच घराण्यातली आहे. घर जळो अशी कुणाची इच्छा नसते, पण जळालंच तर काय करायचं हे जळण्याआधी लिहून ठेवावं लागतं.

या सगळ्यात एक प्रसंग असा आहे की तो आजच्या प्रोग्रॅमरला सांगितला तर त्याला वाटेल, काल आपल्याच टीममध्ये हा वाद झाला होता. ज्योतिष्टोम नावाच्या सोमयागात बहिष्पवमान स्तोत्राच्या वेळी ऋत्विज, म्हणजे यज्ञ चालवणारे पुरोहित, रांगेने, वाकून, पुढच्याच्या वस्त्राचं टोक हातात धरून सरकत जातात. त्याच रांगेत यजमानही असतो. पोरं झुकझुक गाडी खेळतात तसंच काहीसं दृश्य, फक्त गांभीर्याने केलेलं. आता, हात सुटू शकतो. त्यासाठी नियम आहेत. उद्गाता या ऋत्विजाच्या हातून वस्त्र सुटलं, तर तो यज्ञ दक्षिणा न देता संपवायचा आणि पुन्हा नव्याने करायचा. प्रतिहर्ता या दुसऱ्या ऋत्विजाच्या हातून सुटलं, तर यजमानाने आपलं सर्वस्व दक्षिणा म्हणून द्यायचं. एका अटीत दक्षिणा शून्य, दुसरीत सगळं घरदार.

दोघांचेही हात सुटले तर? दोन्ही नियम वेदातले, दोन्ही अटी पुऱ्या झालेल्या, आणि दोन्ही आज्ञा एकाच यज्ञात पाळणं अशक्य.

मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायाच्या पाचव्या पादात हा विचार येतो आणि पुढे 'अपच्छेदन्याय' म्हणून प्रसिद्ध होतो; अपच्छेद म्हणजे हे हात सुटणं. हात एकामागून एक सुटले असतील तर नंतरचा नियम बलवान. कारण मोठं मार्मिक आहे. पहिला हात सुटला तेव्हा दुसरा प्रसंग घडलेलाच नव्हता, म्हणून पहिल्या नियमाला त्याला अडवणं शक्य नव्हतं. दुसरा मात्र जन्मतो तोच पहिल्याला बाजूला सारून. आणि उद्गात्याचा हात मागाहून सुटला असेल तर शास्त्रकार आधीचा नियम विसरत नाहीत: यज्ञ बिनदक्षिणेचा संपवा, आणि नव्याने कराल त्या यज्ञात सर्वस्व द्या. थकबाकी पुढच्या खात्यात ओढली जाते.

प्रोग्रॅममध्ये दोन सुटे 'इफ' एकाखाली एक लिहिले आणि दोघांनी एकाच रकान्यात किंमत भरली, तर शेवटी दुसऱ्याने भरलेली टिकते. दक्षिणा शून्य, मग दक्षिणा सर्वस्व. उरतं ते सर्वस्व. पण तेच दोन 'इफ' मध्ये 'एल्स', म्हणजे 'नाहीतर', घालून एका साखळीत ओवले, तर पहिली खरी ठरलेली अट जिंकते आणि पुढच्यांकडे कोणी बघतही नाही. नवशिक्यांच्या निम्म्या चुका या एका फरकात असतात. मीमांसकांकडे हा फरकही होता. अपच्छेदन्यायाच्या समोर त्यांनी 'उपक्रमन्याय' ठेवला: दोन वचनं एकमेकांवर अवलंबून असतील, एकाच वाक्यात गुंफलेली असतील, तर सुरुवातीचं वचन बलवान, ती परस्परांपासून स्वतंत्र असतील तर नंतरचं. साखळीत पहिला, सुट्यांत शेवटचा. हे वाचताना अंगावर हलकासा काटा येतो, पण 'आपल्याकडे कॉम्प्युटर आधीच होता' असल्या फुशारकीला इथे जागा नाही. मीमांसकांना यंत्र बनवायचं नव्हतं. त्यांना आज्ञा पाळायची होती. न चुकता आज्ञा पाळू पाहणाऱ्या कुणालाही या चौकात यावंच लागतं, आणि चौक एकच असल्यामुळे भेट होते, इतकंच.

अपच्छेदन्याय यज्ञशाळेपुरता राहिला नाही. अद्वैत्यांनी तो थेट जगाच्या खरेपणाला लावला: डोळ्यांना जग आधी दिसतं, 'एकच ब्रह्म' हे श्रुतीचं वचन नंतर कळतं, तेव्हा नंतरचं आधीच्याला बाधित करतं. माध्व संप्रदायाचे व्यासतीर्थ सोळाव्या शतकात 'न्यायामृता'त उलटून म्हणाले की हे जमणार नाही, श्रुती स्वतःच कानांच्या प्रत्यक्षावर उभी आहे. मधुसूदन सरस्वतींनी 'अद्वैतसिद्धी'त त्याला उत्तर दिलं. वस्त्राचं टोक सुटण्यावरून निघालेली गोष्ट विश्व सत्य की मिथ्या इथपर्यंत पोचली. मराठी वाचकाला या सगळ्या वादांचा माग काढायचा असेल तर केवलानंद सरस्वतींचा 'मीमांसाकोश' वाईहून सात खंडांत निघालेला आहे. हातात घेतला तर मनगट दुखेल, पण प्रोग्रॅमरने तो एकदा चाळावा.

काम्य कर्माच्या अटीत आणखी एक खाच आहे. स्वर्ग हवा असेल त्याने यज्ञ करावा. ज्याला स्वर्ग नकोच आहे, त्याने यज्ञ केला नाही तर आज्ञा मोडली का? नाही. अट लागूच झाली नाही, तर मोडायचं काय? ग्रीकांकडे ख्रिस्तपूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकात फिलो नावाच्या तर्कज्ञाने हेच टोकाला नेलं. त्याच्या मते 'जर-तर' वाक्य खोटं ठरतं ते एकाच परिस्थितीत: 'जर' खरा आणि 'तर' खोटा असेल तेव्हा. बाकी सर्व वेळी ते खरं. त्याचे गुरू डायोडोरस यांना हे पटलं नाही, आणि वाद इतका पेटला की कॅलिमाकस या कवीने थट्टा केली, आता छपरांवरचे कावळेसुद्धा कोणतं जर-तर खरं यावर कावकाव करतात. मराठी घरात कावळा ओरडला तर पाहुणा येतो. अलेक्झांड्रियात तो तर्कशास्त्र सांगत होता.

फिलोचं म्हणणं मराठी माणसाच्या पचनी पडणं कठीण. 'आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं', हे वाक्य आपण फिजूल बोलणं मोडीत काढायला वापरतो. 'जर-तरच्या गोष्टी' म्हणजे वेळ घालवणं. नैयायिकांचा, म्हणजे आपल्याकडच्या तर्कशास्त्रज्ञांचा, सूर याच्याजवळचा, पण अधिक शहाणा. 'धूर आहे आणि आग नाही असं मानलं, तर आगीवाचून धूर निघाला असं म्हणावं लागेल', अशा जाणूनबुजून केलेल्या खोट्या आरोपाला ते 'तर्क' म्हणतात. त्याने स्वतंत्र ज्ञान मिळत नाही, म्हणून तो प्रमाण नव्हे. पण प्रमाणाला हात देतो. प्रोग्रॅमिंगची भाषा मात्र फिलोच्या बाजूला उभी राहिली. पायथनला रिकामी यादी देऊन विचारा, यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे का? उत्तर 'हो' येतं. यादीत काहीच नाही, मग खोटं ठरणार कोण? तेव्हा 'जोडलेली सर्व कागदपत्रं वैध असतील तर अर्ज मंजूर' अशी ओळ लिहिली आणि कागदपत्रं जोडलीच आहेत का, हे पाहायचं राहिलं, तर एकही कागद न जोडणाऱ्याचा अर्ज सुखाने पुढे जातो. आणि आडनाव नसलेला बाहेर उभा राहतो. आत्याबाईच्या मिशा कधीकधी अशा महागात पडतात.

अट विचारते, आज्ञा करायला लावते. या दोन कामांची सरमिसळ झाली की काय होतं, याचा एक नमुना २००३ सालच्या नोव्हेंबरात पाहायला मिळाला. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या एका सार्वजनिक प्रतीत कोणीतरी गुपचूप दोन ओळी घुसडल्या. वरवर ती एक साधी तपासणी होती: अमुक पर्याय दिलेले असतील आणि वापरकर्त्याचा क्रमांक शून्य असेल, तर चूक म्हणून परत फिरा. लिनक्समध्ये शून्य क्रमांक म्हणजे सर्वाधिकारी, ज्याला कुठलंच दार बंद नाही. पण सी भाषेत 'समान आहे का' हे विचारायला बरोबरची चिन्हं दोन लागतात. एकच लिहिलं तर ती आज्ञा होते, 'समान कर'. त्या ओळीत एकच चिन्ह होतं. म्हणजे ती ओळ 'तू राजा आहेस का' असं विचारल्याचा देखावा करत होती आणि त्याच श्वासात समोरच्याला राजा करत होती. ही प्रत आणि मूळ प्रत जुळत नाहीत असं लक्षात आल्यामुळे ती वेळीच पकडली गेली. कोणी घुसडली ते कळलं नाही.

मीमांसक इथे गालात हसले असते. त्यांच्या हिशेबात आज्ञावाक्याचे दोन भाग असतात. उद्देश्य म्हणजे ज्याच्याबद्दल बोलायचं ते. ते आधीच माहीत असतं, त्याचा नुसता उल्लेख करायचा. विधेय म्हणजे नव्याने जे सांगायचं ते. उल्लेखाच्या भागानेच नवी आज्ञा द्यायला सुरुवात केली तर एका वाक्याची दोन वाक्यं होतात, आणि 'वाक्यभेद' हा त्यांच्या दृष्टीने मोठा दोष. त्या ओळीत नेमका वाक्यभेद होता. फक्त तो चुकून झालेला नव्हता.

आता 'नाहीतर'कडे. कोणत्याही अटीची खरी परीक्षा ती पुरी न झाल्यावर होते. अट लिहिणारा जे घडेल असं वाटतं ते आधी लिहितो. जे घडेल असं वाटतच नाही, ते लिहायला वेगळी बुद्धी लागते. ती कुठे पाहायची असेल तर पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९०च्या सुमारास लिहिलेला 'धर्मसिंधु' उघडावा, किंवा त्याआधीचा, १६१२ सालचा, मूळ पैठणच्या घराण्यातल्या कमलाकर भट्टांनी काशीत लिहिलेला 'निर्णयसिंधु'. नावातच निर्णयांचा समुद्र. घराघरात भिंतीवर टांगलेलं 'कालनिर्णय' हा त्या समुद्राचा पाण्याचा तांब्या.

गणेश चतुर्थी घ्या. नियम असा की गणपती मध्याह्नी बसतो, म्हणून ज्या दिवशी मध्याह्नाला चतुर्थी असेल तो दिवस. सोपं वाटतं. पण तिथी काही सूर्योदयाला बांधलेली नसते. चंद्र आणि सूर्य यांच्यात बारा अंशांचं अंतर वाढलं की एक तिथी सरते. चंद्राचा वेग कमीजास्त होत असल्याने कधी ती जेमतेम वीस-एकवीस तासांत आटोपते, कधी सव्वीस तासांच्या पलीकडे लांबते. सूर्य सहाला उगवून सहाला मावळतो असं धरलं आणि दिवसाचे पाच भाग केले, तर मधला भाग, म्हणजे मध्याह्न, सकाळी १० वाजून ४८ मिनिटांपासून दुपारी १ वाजून १२ मिनिटांपर्यंत. आता तिथी लांबली तर दोन्ही दिवशी मध्याह्नाला चतुर्थी सापडू शकते. आणि आखूड असेल तर? आज दुपारी सव्वाला लागली आणि उद्या साडेदहाला संपली, म्हणजे सव्वाएकवीस तासांची, तर दोन्ही दिवसांच्या मध्याह्नांना चुकवून निघून जाते. चतुर्थी झाली, पण गणपती बसवायची वेळ एकाही दिवशी आली नाही!

घाईत लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरने इथे दोनच फांद्या लिहिल्या असत्या: आज मध्याह्नी चतुर्थी असेल तर आज, उद्या असेल तर उद्या. मग अशा एका वर्षी कॅलेंडरात गणपतीच छापला गेला नसता आणि पेणच्या मूर्तिकारांपासून लालबागच्या मंडपवाल्यांपर्यंत सगळे 'सिस्टीम घेत नाहीये' म्हणत बसले असते. शास्त्रकारांनी फांद्या उलट्या बाजूने रचल्या. फक्त दुसऱ्याच दिवशी मध्याह्नाला चतुर्थी असेल तर दुसरा दिवस. दोन्ही दिवशी असो की दोन्ही दिवशी नसो, पहिला. अपवाद एकच, आणि बाकी सारं 'नाहीतर'च्या पोटात. कुठलीही परिस्थिती बाहेर उभी राहत नाही. एकादशीचंही तेच. सूर्योदयाआधीच्या चार घटिका, म्हणजे ९६ मिनिटं, हा अरुणोदय. त्या वेळात दशमीचा स्पर्श असेल तर भागवत संप्रदायाचे लोक तो दिवस सोडून दुसऱ्या दिवशी उपास करतात, स्मार्तांची कसोटी निराळी. म्हणून काही महिन्यांत कॅलेंडरात दोन एकादश्या दिसतात. अट एकच नाही, अट लावणारेही दोन आहेत, हे तिथे छापून मान्य केलेलं असतं.

पण नियम इतके पक्के बांधले, तरी मूळ प्रश्न तसाच राहतो. नियम लागू करतो कोण? यज्ञ आज केला आणि स्वर्ग मेल्यावर मिळायचा, तर मधली वर्षं त्या 'तर'ची जबाबदारी कुणाकडे? जैमिनींचं उत्तर, कुणाकडेच नाही. कर्मातून 'अपूर्व' नावाची एक अदृश्य शक्ती उपजते आणि तीच वेळ आली की फळ देते. ईश्वराला मध्ये आणायची गरज नाही. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात बादरायण जैमिनींचं नाव घेऊन हे मत सांगतात आणि नाकारतात: फळ ईश्वराकडून येतं. शंकराचार्य त्यावर म्हणतात की कर्म जड आहे, क्षणात संपणारं आहे. ते वर्षांनंतर कुणाला ओळखून त्याच्या ओंजळीत फळ घालील कसं?

प्रोग्रॅमर मनाने जैमिनींच्या पक्षाचा असतो. ओळ लिहिली, साठवली, आता ती आपोआप चालेल. कुणाचं मन वळवायला नको, कुणाला वशिला लावायला नको. नियमाचं हे मोठेपण खरं आहे. वशिल्याने त्रस्त झालेल्या समाजात तर फारच खरं. खिडकीबाहेरचा माणूस मात्र अडला की ताबडतोब बादरायणांच्या पक्षात जातो: "साहेब कुठे बसतात?" त्याला नियमाच्या पलीकडे कुणीतरी बघणारा, ऐकणारा हवा असतो. युरोपीय संघाने २०१८च्या मे महिन्यापासून लागू केलेल्या माहिती संरक्षणाच्या नियमावलीत, बाविसाव्या कलमात, ही मागणी कायद्याच्या भाषेत आली आहे: माणसावर गंभीर परिणाम करणारा निर्णय निव्वळ यंत्राने घेतला जाऊ नये असा हक्क, आणि जिथे अपवाद म्हणून यंत्राला मुभा आहे तिथेही बहुतेक प्रसंगी माणसाने त्यात लक्ष घालावं अशी सोय. ब्रुसेल्समधल्या लोकांनी ब्रह्मसूत्रं वाचली असण्याची शक्यता कमी.

एक गोष्ट मात्र या दोन्ही पक्षांच्या हिशेबात बसत नाही. मीमांसकांना जबाबदारीचा प्रश्न छळत नव्हता, कारण त्यांच्या मते वेद अपौरुषेय. कुणी लिहिलेलेच नाहीत, तर जाब कुणाला विचारणार? आडनावाची ओळ तशी नाही. ती पौरुषेय आहे, अगदी चहाच्या कपाच्या डागासकट. तिला लिहिणारा होता, ती मान्य करणारा होता, तिची चाचणी घेताना ओळखीचीच दहा नावं भरून 'चालतंय' म्हणणारा होता. 'सिस्टीम' हा शब्द एवढंच करतो की या सगळ्यांना एका फटक्यात पुसून ती ओळ अपौरुषेय करून टाकतो. जैमिनींनी हे पद एका ग्रंथाला दिलं आणि त्यासाठी पानंच्या पानं युक्तिवाद केला. खिडकीतला कारकून ते तीन शब्दांत कुठल्याही प्रोग्रॅमला बहाल करतो, आणि त्यालाही दोष देता येत नाही. तोही रांगेतच, पुढच्याच्या वस्त्राचं टोक धरून चाललेला असतो.

एड्स्खर डायक्स्त्रा या डच शास्त्रज्ञाने १९७५ साली अटी लिहिण्याची एक वेगळी पद्धत मांडली. तिच्यात क्रमच नाही. प्रत्येक आज्ञेच्या दारात एक पहारेकरी अट उभी. एकाहून जास्त अटी खऱ्या असतील तर त्यांतली कोणतीही एक आज्ञा चालेल, कोणती ते प्रोग्रॅम सांगणार नाही. आणि एकही खरी नसेल तर प्रोग्रॅम गुपचूप पुढच्या ओळीवर सरकणार नाही, तिथेच कोसळेल. हा दुसरा भाग लोकांना कठोर वाटतो. पण जिचा विचारच केलेला नाही अशी परिस्थिती समोर आली, तर ती चालवून घेण्यापेक्षा धडाम आवाज व्हावा, हे डायक्स्त्रांचं म्हणणं आडनावाच्या टिंबापेक्षा जास्त प्रामाणिक आहे. टिंबाने त्या दिवशीचं काम झालं. ओळ तशीच राहिली, आणि त्या माणसाचं आडनाव आता कागदोपत्री टिंब आहे.

पहिला भाग मीमांसकांनी आधीच पाहून ठेवला होता. उद्गाता आणि प्रतिहर्ता या दोघांचे हात अगदी एकाच क्षणी सुटले तर कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही; अपच्छेदन्याय तिथे मुका होतो. एक पक्ष म्हणाला, मग दोन्ही नियम लागू नाहीत. सिद्धान्त तसा झाला नाही. तिथे विकल्प मानला गेला: बिनदक्षिणेचा यज्ञ किंवा सर्वस्वदान, दोहोंतलं एक. विकल्पाला मीमांसक आठ दोष चिकटवतात, दुसरी वाट असेतो त्याला दारात उभा करत नाहीत. इथे वाटच उरली नाही म्हणून घेतला. तेव्हा वाकून सरकणाऱ्या त्या रांगेत मागे असलेल्या यजमानाने वर पाहायचं. पुढे दोन हात रिकामे आहेत. कुणाचा आधी सुटला हे नीट दिसलं असेल तर घर, गुरं, सगळं जातं की वाचतं ते शास्त्र सांगेल. दिसलं नसेल, तर ते त्यालाच सांगावं लागेल, आणि ऋत्विज थांबलेले आहेत.